रमाकाकूसाठी वेगवान होडी

कोची, ५ सप्टेंबर २०२५

ती. चारुदत्तकाकांस,
ऋताचा शि. सा. न. वि. वि.

परवाच्या फोनचं उत्तर पत्राने देते आहे, कारण फोनवर तुम्ही प्रत्येक गोष्टीला 'हव' म्हणून होकार देता आणि आठवड्याने मी असं कुठं म्हटलं, असं विचारता. शिवाय मागे तुमच्या चष्म्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक मोठ्याने अक्षरं वाचत असतं. व्हॉट्सॲपवर लिहिलेलं तुम्ही पुसून टाकता. तेव्हा होडीबद्दल जे काही बोलायचं ते यापुढे कागदावर.

मला समजलं ते असं. काकू नोव्हेंबरअखेर बँकेतून निवृत्त होते आहे. काय हवं म्हणून तुम्ही तिला विचारलंत. तिने पाटल्या मागितल्या नाहीत, चारधामही मागितलं नाही. जोरात पळणाऱ्या शिडाच्या होडीत बसायचं आहे आणि तिथे कोणाला जेवायला वाढायला लागू नये, असं म्हणाली. यातला पहिला भाग तुम्ही मला सांगितलात. दुसरा मी तिच्याकडून काढून घेतला. दोन्ही भाग सारखेच महत्त्वाचे आहेत. बाबांची बदली झाली तेव्हा कॉलेज संपेपर्यंत मी तुमच्याकडे राहिले. त्या सगळ्या काळात काकू पहिल्या पंगतीला बसलेली मी पाहिली नाही. ही तक्रार नाही, निरीक्षण आहे.

आता होडी. तुम्ही म्हणालात, तू होड्या बनवणारी इंजिनीयर आहेस, सगळ्यात फास्ट यॉट बुक कर अन् विषय संपव. विषय इतक्यात संपत नाही. जड होडी पळायला लागली की स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात अडकते. शीड मोठं केलं तरी खळगा खोल होतो, वेग वाढत नाही. त्यातून सुटायचं तर होडी खूप लांब हवी, नाहीतर खूप हलकी. मी हलकी निवडली.

थायलंडमध्ये फुकेतला जानेवारीत वारा नियमित असतो आणि बेटांच्या आडोशाने लाटा लहान राहतात. तिथे भाड्याने मिळणारी एक ट्रायमरान मी पाहून ठेवली आहे. मधे एक अरुंद होडी, दोन्ही बाजूंना पसरलेल्या हातांसारख्या दोन बारीक होड्या, आणि मधल्या जागेत बसायला ताणलेली जाळी. चांगल्या वाऱ्यात पंधरा-सोळा नॉट वेग. झोपायच्या जागा चार: काकू, तुम्ही, मी आणि तिथला कप्तान. स्वयंपाकघर म्हणजे एक बर्नर, पाणी उकळण्यापुरता. तो एकच आहे ही मी तिची जमेची बाजू धरली आहे.

अट एकच, वजनाची. या होडीत जे चढेल ते वेगातून वजा होईल, मग ते माणूस असो की लोणच्याची बरणी.

तुमचा होकार लेखी कळवा. काकूला नमस्कार. तुमच्यावरचा लोभ पूर्वीइतकाच आहे, म्हणून वेगळा लिहीत नाही.

आपली,
ऋता

---

बूढापारा, रायपूर, १८ सप्टेंबर २०२५

चि. ऋतास अनेक शुभाशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, नोटीसच होती. पोस्टमनसमोर उघडलं तर तोही घाबरला.

होडी मले पसंत आहे. फक्त पंधरा नॉट म्हणजे किती ते मी नेटवर पाहिलं, तर ताशी अठ्ठावीस किलोमीटर निघाले. अगं पोट्टी, आपल्या गल्लीतला ई-रिक्षावाला याच्याहून जोरात जातो, तेही पाच सवाऱ्या घेऊन! याच्यासाठी थायलंडले जायचं? रमाला म्हटलं तर ती म्हणाली, रिक्षा बूढा तालाबच्या पाण्यावर चालवून दाखवा, मी तिच्यात बसते. तर होकार समज.

आता एक छोटीशी गोष्ट. बिलासपूरहून तुझ्या मंजिरीआत्याचा फोन आला होता. बोलता बोलता मी म्हटलं, तुम्ही दोघंही चला की आमच्यासोबत. हे तर आपल्याकडे म्हणतातच. तुझे आजोबा म्हणायचे, मीही म्हणतो. पुरीले निघालो, अमरकंटकले निघालो, की सगळ्यांना चला म्हणायचं. ते म्हणतात, पुढच्या वेळी नक्की. दोन्हीकडे समाधान राहते अन् जाणारे तेवढेच जातात. आजवर कधी चूक झाली नाही. या वेळी मंजिरी म्हणाली, तारीख कोणती? भावजींचा पासपोर्टही तयार आहे म्हणते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी देवीदास चष्म्याचा नंबर काढायला आला. रेल्वेतून रिटायर झालेला, माझा कॅरमचा जोडीदार, तुले आठवत असेल. सोबत कमलावहिनी. त्याच्या नाकावर तपासायची फ्रेम ठेवली होती, अन् माझ्या तोंडून निघून गेलं, चला की तुम्हीही. देवीदासनं फ्रेम काढली, माझ्याकडे नीट पाहिलं अन् म्हणाला, दादा, जन्मभर गाड्या समुद्रापर्यंत पोचवल्या, आत कधी गेलो नाही, येतो. त्याच्या घरी बोलावणं म्हणजे बोलावणं असते, तिथं पुढच्या वेळी वगैरे काही नसते. आता त्याले काय सांगू?

तर आपण चार जण वाढलो. जास्त नाही. तांदूळ मात्र मी इथूनच घेईन, तिकडचा चिकट असतो म्हणतात. कुकर रमाचा मोठा घेऊ.

प्रकृतीस जप. रागावलीस तरी उत्तर लिही, नुसती टिकमार्क करून पाठवू नको.

तुझा,
चारुदत्तकाका

---

कोची, २७ सप्टेंबर २०२५

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

रागावलेले नाही. चार झोपायच्या जागांत आठ माणसं बसत नाहीत, हे सांगायला राग लागत नाही.

आणखी चार माणसं, त्यांच्या बॅगा, तांदळाचं पोतं आणि मोठा कुकर, एवढं चढवलं तर ती होडी वेगवान राहणार नाही. मुळात कंपनी ती बंदरातून हलवूच देणार नाही. म्हणजे एकतर पाहुणे येतील, नाहीतर काकूची होडी निघेल. तिसरा पर्याय मला सापडलेला नाही, आणि असे पर्याय शोधणं हेच माझं काम आहे.

तुम्हाला नाही म्हणणं अवघड जातं, म्हणून एक खरं कारण पुरवते. या होडीत संडासाला दार नाही, पडदा आहे. वजन वाचवण्यासाठी दार काढलेलं असतं. हे तुम्ही मंजिरीआत्याला शांतपणे सांगा. ती स्वतःहून मागे घेईल असा माझा अंदाज आहे.

देवीदासकाकांना मात्र कुठलंच कारण सांगू नका. त्यांना सरळ सांगा की चूक तुमची झाली. ते समजून घेतील.

काकूला यातलं काय काय माहीत आहे, तेही कळवा. कळावे. लोभ ठेवावा, आणि दुकानात येणाऱ्यांना फक्त चष्मे द्यावेत.

आपली,
ऋता

---

बूढापारा, ६ ऑक्टोबर २०२५

चि. ऋतास आशीर्वाद, वि. वि.

मंजिरीला पडद्याचं सांगितलं. ती म्हणाली, त्यात काय, घरून जाड पडदा आणते, रिंगा आहेत का विचारून ठेव.

देवीदासकडे गेलो होतो. खरंच गेलो होतो. सांगायचं म्हणून चप्पलही काढली नव्हती, दारातूनच सांगून निघणार होतो. तर कमलावहिनींनी पोहायची दोन जॅकेटं आणून दाखवली, नारिंगी रंगाची, ऑनलाईन मागवलेली. देवीदास ती घालून सोफ्यावर बसून पाहत होता. मी म्हटलं, छान दिसते. चहा पिऊन परत आलो. तू असतीस तर तूही तेच केलं असतं. बरं, तू नसतं केलं.

पण मी तोडगा काढला आहे. नेटवर मोठी कॅटामरान पाहिली. दोन जुळ्या होड्यांवर अख्खा फ्लॅट बसवलेला! चार बेडरूम, चार बाथरूम, सगळ्यांना दारं. फ्रिज आहे, ओव्हन आहे, अन् किचन तर आपल्या घरच्यापेक्षा मोठं, तीन बाजूंना खिडक्या. रमाला समुद्र पाहत पाहत पोळ्या करता येतील. फोटो सोबत जोडला आहे. वेग थोडा कमी आहे, सहा-सात नॉट, पण कोणाले कुठं गाडी पकडायची आहे?

रमाला फोटो दाखवला. ती म्हणाली, छान आहे. मग इस्त्री करायला निघून गेली. आवडली असं मी धरून राहिलो.

तू तेवढी ही मोठी बुक कर अन् छोटी सोडून दे. लोभ आहेच, तो तुझ्या उत्तरावर अवलंबून नाही.

तुझा,
चारुदत्तकाका

---

बूढापारा, ७ ऑक्टोबर २०२५

चि. ऋतास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

काकांनी काल पत्र टाकलं असेल. त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांना नाही म्हणता येत नाही, आणि माझा संसार त्यावरच उभा आहे. ते बघायला आले होते माझ्या चुलतबहिणीला. माझ्या वडिलांनी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं, ही आमची रमा, हिलाही पाहून घ्या. हे म्हणाले हव. तेव्हा तक्रार करायला मला जागा नाही.

तू मोठीच होडी घे. किचन ऐसपैस आहे. आठ माणसांचं काय, दिवाळीत याच्या दुप्पट असतात. कमलावहिनी हाताशी येतील, त्या कामाच्या आहेत. मंजिरीला काही सांगायला गेलं की ती आधी बसून घेते, पण तिची मला सवय आहे.

तू विचारलं होतंस की वेगाचं हे माझ्या डोक्यात कुठून आलं, आणि मी टाळलं होतं. सांगते. मागे नव्या रायपूरला एका लग्नाला गेलो होतो. तिथले रस्ते तुला माहीत आहेत, रुंद आणि मोकळे. येताना स्कूटर मी चालवत होते. काय वाटलं कोण जाणे, सत्तरपर्यंत नेली. मागे काकांनी डोळे मिटून स्तोत्र सुरू केलं. मला मात्र तेवढा वेळ घरी काय शिजवायचं ते आठवत नव्हतं. तेवढंच. त्यात फार काही नाही.

तुझ्या जेवणाचं बघ. मोठ्या माणसांची कामं करतेस, पण जेवतेस चिमणीसारखी. माया आहे, ती अशी फुकट दरडावण्यात जाते.

तुझी,
रमाकाकू

---

कोची, १३ ऑक्टोबर २०२५

ती. रमाकाकूस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नीट वाचलं. त्यात छोटी होडी नको असं कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून मी ती सोडलेली नाही. मोठीही धरून ठेवली आहे. दोन्ही महिनाअखेरपर्यंत थांबतील.

यापुढचं मी इथून ठरवू शकत नाही. होडीला किती वजन झेपतं ते मला काढता येतं. घरातलं तुम्ही दोघांनी बघायचं आहे. काकांना मी स्वतंत्र पत्र लिहिणार नाही. लिहिलं तर ते सौम्य होणार नाही.

जेवते आहे. चिमणीच्या खाण्याचं तिच्या वजनाशी प्रमाण पाहिलंस तर ती बरीच खाते. कळावे, आणि तू लोभ दरडावूनच केलास तरी चालेल.

तुझी,
ऋता

---

बूढापारा, २६ ऑक्टोबर २०२५

चि. ऋतास आशीर्वाद, वि. वि.

तू रमाला लिहिलं, मले नाही, याची मी नोंद घेतली आहे. तरी लिहून राहिलो.

मंजिरी अन् भावजी भाऊबीजेला आले होते. म्हटलं सगळे जमलोच आहोत तर सराव करून घेऊ. कोणाला पाण्यात मळमळते ते इथंच कळेल. देवीदास-कमलावहिनींनाही बोलावलं अन् बूढा तालाबवर गेलो. पायानं चालवायच्या होड्या घेतल्या. एकीत मंजिरी अन् भावजी, दुसरीत मी अन् देवीदास, त्याचं ते नारिंगी जॅकेट घालून. आजूबाजूची पोट्टी फोटो काढत होती. तिसरीत रमा अन् कमलावहिनी. खाण्याचे डबे रमाच्या होडीत ठेवले, कारण डबे तिच्याकडेच असतात.

आम्ही काठाकाठानं चाललो. मंजिरीच्या होडीला दिशाच सापडेना, ती एकाच जागी गोल फिरत होती अन् दोघं एकमेकांना तू पाय मार, तू पाय मार म्हणत होती. तेवढ्यात रमाची होडी निघाली ती सरळ, तळ्यातल्या बेटाच्या पलीकडे. मी हाका मारल्या. मंजिरीला भूक लागली होती, तिनंही मारल्या. रमानं मागं पाहिलं नाही. बेटाला एक चक्कर झाली. मले वाटलं आता येईल. ती दुसऱ्या चकरेला गेली! कमलावहिनी पदर खोचून पाय मारत होत्या.

शेवटी आम्ही काठावर येऊन बसलो. डबे पाण्यात, भूक काठावर. मी जाऊन गरम मूंगबडे आणले, स्वतः वाढले. चटणी भावजींच्या पांढऱ्या पँटवर सांडली. मंजिरी म्हणाली, वहिनी असती तर असं झालं नसतं. मी म्हणणारच होतो की थांब, येते ती. तेवढ्यात पाण्यावरून कोणी तरी जोरात हसल्याचा आवाज आला. देवीदास खाता खाता थांबला. म्हणाला, दादा, वीस वर्षं तुमच्याकडे जेवतो आहे, वहिनींचं हसू आज पहिल्यांदा ऐकलं, तेही तळ्याच्या त्या बाजूनं.

ऋता, मी घरातच राहतो. मीही फार ऐकलेलं नाही.

आता निर्णय ऐक. दोन्ही होड्या बुक कर. खर्चाचं विचारू नको, ते माझ्याकडे. पाहुण्यांना मी बोलावलं, तर त्यांना नाही म्हणणार नाही. पण आपल्या घरची रीत आहे, यजमानांपैकी एकानं पाहुण्यांसोबत राहायचं. आजवर ते एक म्हणजे रमाच. या वेळी मी राहतो. तुम्ही दोघी छोटीवर जा. मोठ्या होडीचं किचन मी सांभाळतो. रमाला हे सांगितलं तर तिनं विचारलं, तुम्हाला मिठाचा अंदाज येतो का? मी हव म्हटलं.

मले तुमच्यासोबत यायचं होतं, हे फक्त तुले सांगतो. तिला नको सांगू, नाहीतर ती पुन्हा मोठी होडी म्हणेल.

आशीर्वाद आहेतच. पोह्यांची कृती माहीत असेल तर उलट टपाली कळव.

तुझा,
चारुदत्तकाका

---

मोठ्या होडीवरून, १७ जानेवारी २०२६

चि. ऋतास आशीर्वाद, वि. वि.

फोनला रेंज नाही म्हणून ही चिठ्ठी. देवीदास आमची रबरी होडी वल्हवत तुमच्यापर्यंत आणून देईल. तो आता इथला नाखवाच झाला आहे.

पहिल्या दोन दिवसांचा अहवाल असा. पोहे जमले, पण सगळ्यांचे होईपर्यंत एक बेट येऊन मागं गेलं. सगळे म्हणतात फार सुंदर होतं, पाण्यातून सरळ वर गेलेला डोंगर अन् त्याच्या पोटात गुहा. मी तेव्हा कांदा परतत होतो. दुपारी दुसरं बेट आलं, तेव्हा भांडी. माझा झारा समुद्रात पडला. किचनला खिडक्या तीन बाजूंना आहेत हे खरं, पण ओट्याकडे तोंड केलं की तिन्ही पाठीमागं जातात. हे फोटोत कळत नव्हतं.

मंजिरीला बेड मऊ वाटला, मग चादर बदलली. भावजींना लिंबू-सरबत थंड लागत नव्हतं. कमलावहिनी रोज म्हणतात, दादा, तुम्ही बसा, आम्ही करतो. असं कसं चालेल? यजमान बसला अन् पाहुणे राबले, असं आपल्या घरात झालं नाही. मी त्यांना ओट्याजवळ येऊ देत नाही.

काल दुपारी तुमची होडी आमच्या बाजूनं गेली. आम्ही चाललो होतो की उभे होतो, तेच कळेना. पाण्याचा एक आवाज झाला, फाडल्यासारखा, अन् मी हातातला टोमॅटो घेऊन बाहेर पळालो, तोवर तुमचं शीडच दिसलं. सुकाणूवर रमा होती का? देवीदास म्हणतो होती. मंजिरी म्हणते तो कप्तान होता. तेवढं कळव. अन् वेग किती होता?

तिला काही लागलं तर सांग. लोभ माझ्याकडून पूर्ण आहे, नाश्ता मात्र अजून व्हायचा आहे.

तुझा,
चारुदत्तकाका

---

छोट्या होडीवरून, त्याच दिवशी

ती. काकांस,
ऋताचा शि. सा. न. वि. वि.

सुकाणूवर काकूच होती. वेग सतरा नॉट. कप्तानाने वारा वाढतो आहे म्हणून शीड थोडं उतरवायला घेतलं तेव्हा तिने त्याला मराठीत 'काहून?' म्हणून विचारलं, आणि त्याला मराठी येत नसूनही त्याने हात थांबवला. नंतर शीड उतरवलं, कारण ते बरोबर होतं. मी काकूला कारण समजावलं. तिने ते मान्य केलं, पण आवडल्याचं दाखवलं नाही.

दोन दिवस आम्ही बिस्किटं, केळी आणि उकळत्या पाण्यात होणाऱ्या शेवया खातो आहोत. ज्याला भूक लागते तो उठून घेतो. काकूने काल जाळीवर पाय पसरून, ओल्या कपड्यांत केळं खाल्लं आणि साल हातात धरून बराच वेळ तशीच बसून राहिली.

आता तुमच्याबद्दल. देवीदासकाका चिठ्ठी घेऊन आले ते परत जायला तयार नव्हते. त्यांनी सविस्तर सांगितलं की तुम्ही कोणाला बसू देत नाही. कोणी बाहेर पाहायला उभं राहिलं की मागून भजी घेऊन येता. परवा त्यांना एक मोठं कासव दिसत होतं, तेव्हा तुम्ही ताटात वाढलंत आणि त्यांना ताटाकडे बघावं लागलं. कमलाकाकूंना ओट्याजवळ यायचं आहे, कारण त्यांना भूक लागते. मंजिरीआत्याच्या यजमानांना खिचडी उत्तम येते आणि ती करून दाखवायची त्यांची इच्छा आहे. सगळ्यांनी मिळून निरोप पाठवला आहे की आमच्या यजमानांना उद्यापासून घेऊन जा. तेव्हा रीत मोडण्याचा प्रश्न येत नाही. पाहुण्यांनीच तुम्हाला सुट्टी दिली आहे.

तुम्हाला आमच्यासोबत यायचं होतं, हे मी काकूला सांगितलं नव्हतं. ते तिला आधीच माहीत होतं. सकाळी सुकाणू धरून असताना ती म्हणाली, तुझ्या काकांनी हे पाहायला पाहिजे होतं, डोळे मिटून का होईना.

चौथी जागा रिकामी आहे. तुमचं वजन मी पंच्याऐंशी धरलं होतं, काकूने नव्वद धरायला लावलं. तुम्ही आलात तर वेग साधारण अर्ध्या नॉटने कमी होईल. हे मी तिला स्पष्ट सांगितलं. अर्ध्याहून जास्त नाही ना, हे तिने पुन्हा विचारून घेतलं. मग चालेल म्हणाली.

सकाळी देवीदासकाका तुम्हाला आणून सोडतील. येताना काही खायला आणू नका.

कळावे. लोभ असू द्यावा, तो मी वजनात धरलेला नाही.

आपली,
ऋता